अंबुबाईंची झोळी आणि माझा तंबू

अंबुबाई टीचर अकरा वर्षं माझ्या दुकानात येत होत्या, पण बसल्या एकदाही नाहीत. गिऱ्हाइकासाठी स्टूल ठेवलेलं असतं, चांगलं शिसवी, माझ्या वडिलांच्या वेळचं. त्या एक पाय पायरीवर आणि एक पाय रस्त्यावर ठेवून बोलायच्या. बोलता बोलता उतरून चार पावलं जायच्या, परत यायच्या. त्यामुळं त्यांचं निम्मं बोलणं मला ऐकू यायचं आणि निम्मं शेजारच्या कॉफीपुडीवाल्याला, म्हणजे कॉफी दळून विकणाऱ्याला. संध्याकाळी आम्ही दोघं ते जुळवायचो.

मी तीन इयत्ता शिकलो, त्याही कन्नडात. माझं मराठी घरातलं आणि भजनातलं. ज्याला शुद्धलेखन बघायचं असेल त्यानं दुसरीकडं बघावं. पण या बाईंबद्दल मीच लिहायला पाहिजे. शिकलेल्या माणसानं लिहिलं तर तो त्यांना थोर गिर्यारोहक वगैरे करून टाकील, हार घालील. त्या तसल्या काही नव्हत्या. मुलींच्या शाळेत ड्रिल शिकवायच्या, आणि सुट्टी लागली की पाठीवर पिशवी टाकून डोंगरात जायच्या. हल्ली कॉम्प्युटरवाली पोरं-पोरी जातात तसं. फरक एवढाच, की तेव्हा जाणारं कुणी नव्हतं, आणि बाईमाणूस तर नव्हतंच.

राज्याचं नाव म्हैसूरचं कर्नाटक झालं, त्याच्या पुढच्या दोनचार वर्षांतली गोष्ट. म्हैसूरच्या चामराजपुरमातल्या माझ्या दुकानात एका सकाळी ही उंच, काळीसावळी, साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेली बाई आली. खांद्यावर हिरव्या कॅनव्हासचा बोजा. तो टेबलावर आदळला तसे माझे खडू उडाले.

"टेलर, हा शाळेचा तंबू. याच्यातला निम्मा कापून टाका."

"का हो?"

"जड आहे."

मी कापड उलगडून बघितलं. जुनं, पण पक्कं काम. कोपऱ्यांना दुहेरी ठिगळं, दाभणानं घातलेली शिवण. मी म्हटलं, "टीचर, मी शिवायला बसलोय. चांगल्या वस्तूचा नाश करायला नाही. तंबू म्हणजे घर असतं. निम्मं घर कापून कसं चालेल?"

त्या पायरीवरून उतरल्या, चार पावलं गेल्या, परत आल्या. "घर पाठीवर घेऊन गोगलगाय चालते," म्हणाल्या. "मला चालायचंय."

अशी आमची ओळख झाली, आणि वादही त्याच दिवशी सुरू झाला.

त्यांना वजनाचं वेड होतं. रद्दीवाल्याकडं असतो तसला स्प्रिंगचा काटा त्या पिशवीत घालून हिंडायच्या आणि दिसेल ती वस्तू त्याला टांगायच्या. दात घासायच्या ब्रशची दांडी निम्मी कापलेली. वहीचं पुठ्ठ्याचं कव्हर फाडलेलं. कंगव्याचे दातसुद्धा निम्मेच, "माझे केस तेवढेच आहेत की." मी शिवलेल्या पिशवीला आत माझ्या दुकानाचं कापडी लेबल लावलं होतं, ते त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत ब्लेडनं उसवून माझ्या हातात दिलं. मला राग आला. म्हटलं, "त्याचं वजन किती असणार?"

"शून्य," म्हणाल्या. "पण अशी वीस शून्यं जमली की दुपारी बारा वाजता चढावर कळतं."

घरी त्यांचे थोरले भाऊ वासुदेवराव आणि वहिनी. सरस्वतीपुरमात छोटं घर, पुढं पडवी. वासुदेवराव कोर्टात शिरस्तेदार होते, तेव्हा रिटायर झालेले. बाईंचं लग्न झालं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. दसऱ्याला सगळं जग म्हैसूरला येतं. आणि या बाई नेमक्या त्याच सुट्टीत म्हैसूर सोडून जायच्या. पाहुण्यांनी घर भरलेलं, वहिनी चकल्या तळतायत, आणि नणंद पिशवी घेऊन उंबऱ्याबाहेर. वहिनी एकदा मला म्हणाल्या, "काय सांगू ओ, हिच्या पायाला भिंगरी बांधूनच धाडलीय देवानं. मला एक दिवस मिळाली असती तर मीपण गेले असते." हे त्या नवऱ्यासमोर बोलल्या नाहीत.

तर तंबू मी कापला नाही. दुसऱ्या महिन्यात बाई परत आल्या, आता हातात एक नऊवारी. मजबूत, इरकली, कुणा आजीची.

"याची झोळी करा."

"कुणाला झालं?"

"मला हवीय. दोन झाडांना बांधून झोपायला."

कॉफीपुडीवाला गिरणी बंद करून ऐकायला बाहेर आला. मी हसलो, लपवणार नाही. म्हटलं, "टीचर, झोळीत तान्हं पोर झोपतं. मोठ्या माणसाला जमीन लागते. खाली सतरंजी, वर तंबू. राजे-महाराजे तंबूत राहिले, झोळीत कुणी राहिल्याचं ऐकलं नाही."

"राजांचे तंबू हत्तीवर जायचे," म्हणाल्या. "तुम्ही हत्ती शिवून देता का?"

दिली शिवून झोळी. दोन्ही टोकांना नेफा केला, परकराला करतो तसाच पण रुंद, आत दोर ओवायला. झाडाला बांधायला पलंगाची नवार कापून चार बोटं रुंद पट्ट्या केल्या. दोर नुसता बांधला तर सालीवर वळ उठतात म्हणायच्या. "झाड आपल्याला रात्रभर धरून उभं राहतं. त्याला काचू नये." हे बोलणं मला आवडलं होतं, पण मी तसं दाखवलं नाही.

त्यांनी ती झोळी त्यांच्याच अंगणात बांधली, एका बाजूला सोनचाफा, एका बाजूला कडुनिंब, आणि मला निरोप धाडला की येऊन बघा. गेलो. गल्लीतली दहापंधरा माणसं जमलेली. बाई म्हणाल्या, "झोपा."

"मी?"

"शिवणाऱ्यानं आधी झोपायचं. स्वयंपाकीण चव घेते की नाही?"

धोतर सावरून चढलो. आत गेलो तसा माझा केळ्यासारखा बाक झाला, गुडघे नाकाशी. पोरं हसायला लागली. मी म्हटलं, "साकु साकु, पुरे, उतरवा मला." बाईंनी माझा खांदा धरला आणि म्हणाल्या, "सरळ झोपू नका. तिरके व्हा. डोकं डावीकडं, पाय उजवीकडं."

तिरका झालो आणि पाठ सपाट झाली. खरंच सपाट. मी शिंपी माणूस, मला लगेच कळलं. कापड उभं ओढलं तर ताठ राहतं, आडवं ओढलं तरी ताठ, पण तिरकं ओढलं की ते देतं. पन्नास वर्षं ब्लाउजच्या बाह्या तिरक्या कापतोय, आणि ही गोष्ट मला ड्रिलच्या बाईनं शिकवावी. उतरताना मी पडलोच, ते सांगायची गरज नाही. गल्लीला माहीत आहे.

पण मी हरलो नव्हतो. मी छत्रीचं कापड आणलं आणि एका माणसाचा तंबू शिवला. खांब नाही, त्यांची चालायची काठीच मधे उभी करायची. वजन साडेतीन किलो. बाईंनी काट्याला टांगला. "चांगलाय," म्हणाल्या. चांगलाय! अकरा वर्षांत हे एकदाच म्हणाल्या. मग झोळी, तिची वरची ताडपत्री आणि नवारीच्या पट्ट्या टांगल्या. दीड किलो. काटा माझ्याकडं वळवला.

"वजन कमी म्हणून चांगलं असं नसतंय," मी म्हटलं. "दोन्ही घेऊन चला. मीपण येतो. बघूच."

आणि गेलो. बायको म्हणाली, म्हातारपणी वेड लागलं. दसऱ्याची सुट्टी, बाई, त्यांच्या शाळेच्या दोन तरुण टीचर, आणि मी. पिरियापट्टणवरून बस कोडगूत, म्हणजे कुर्गात, शिरली आणि हवा बदलली. पहिला मुक्काम दाट झाडीत, उतारावर. पाऊस नुकताच सरलेला, जमीन ओली. मी तंबूला सपाट जागा शोधत अर्धा तास हिंडलो, मिळाली नाही. ठोकला कसातरी. बाईंची झोळी दहा मिनिटांत तयार, त्या दोघींच्या साड्यांच्या झोळ्याही. दोराला एक सुताचा तुकडा बांधलेला. पावसाचं पाणी दोरावरून ओघळत आलं की त्या सुतावरून खाली गळतं, झोळीत येत नाही. पाठीखाली गार लागतं म्हणून झोळी दुहेरी आणि मधे वर्तमानपत्रं. कसली पत्रं? तर वासुदेवरावांची, नीट घडी घालून ठेवलेली. घरी त्यावरून भांडणं व्हायची.

सकाळी मी तंबूच्या खालच्या कडेला गोळा होऊन पडलो होतो आणि पोटऱ्यांवर सहा जळवा. बाई आपल्या झोळीत पाय हलवत कॉफी पीत होत्या. "काय ओ टेलर, घर कसंय?"

"घरात पाहुणे आलेत," म्हणून मी जळवांना मीठ लावत बसलो.

दुसरा मुक्काम वर, डोंगरमाथ्यावर. तिथं नुसतं गवत. नजर जाईल तिथवर झाड नाही, आणि वारा असा की उभं राहता येईना. माझा तंबू तिथं ऐटीत उभा राहिला. दोन तरुण टीचर आत शिरल्या. मी म्हटलं, "टीचर, बांधा आता झोळी. कशाला बांधता, माझ्या मिशीला?"

खूप हसल्या. पण आत आल्या नाहीत. मुलींनी ओढलं, मी बाहेर झोपतो म्हणून घोंगडी घेऊन आडवा झालोही, तरी नाही. झोळी अंगाभोवती गुंडाळून तंबूच्या तोंडाशी टेकल्या, पाय बाहेर. उजाडताना मी उठलो तर त्या कड्यावर येरझाऱ्या घालत होत्या, थंडीनं ओठ निळे. मी चिडलो. म्हटलं, हा हट्ट बरा नव्हे, तंबू काय खातो का तुम्हाला?

"तुमच्या तंबूत काही वाईट नाही हो," म्हणाल्या. "पण चारी बाजूंनी कापड आलं की मला वाटतं, कुणीतरी दार लावून घेतलंय. घरी पण मी खिडकीकडं डोकं करून झोपते. वहिनीला विचारा." मग चालता चालताच, "झोळी हलते. थांबले तरी चालल्यासारखं वाटतं."

परत येताना आमचा निकाल ठरला: झाडी असेल तिथं झोळी, माळ असेल तिथं तंबू. हे मी मनात मानलं. तोंडानं मी तंबूवालाच राहिलो, अजून आहे.

पुढं नऊ-दहा वर्षांनी बाईंचा गुडघा गेला. डॉक्टरांनी सांगितलं, डोंगर सोडा. बाई म्हणाल्या, तेवढं सोडून बोला. मग डॉक्टर म्हणाले, पाठीवर पाच किलोच्या वर नको. इथं वासुदेवराव मधे पडले. ते वाईट माणूस नव्हते, पण कोर्टातलं आयुष्य. त्यांना शब्द लागायचा. पडवीत माझ्यासमोरच बोलणं झालं.

"अंबू, तू जा. पण तुझ्या हातून एक जरी चूक झाली, पडलीस, वाट चुकलीस, तर त्या दिवसापासून बंद. कबूल?"

"माझी चूक झाली तर?"

"तुझी झाली तर."

"कबूल," म्हणाल्या. आणि तशाच पायरी उतरून माझ्याबरोबर दुकानापर्यंत चालत आल्या, गुडघा दुखत असताना. "टेलर, पाच किलोत बसवायचंय. झोळी अर्ध्या किलोत पाहिजे. नाहीतर संपलं माझं."

संपलं म्हणताना त्यांचा आवाज मी पहिल्यांदा तसा ऐकला.

बंगळूरहून मी नायलॉन मागवलं, कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ. त्याच श्रावणात आमच्या विठ्ठलाच्या देवळात पंचांनी मला विडा दिला होता. हे बाहेरच्यांना सांगायला पाहिजे. देवाच्या डोक्यावर रेशमी चांदवा ताणतात. तो बऱ्याच वर्षांनी बदलतात, आणि समाजातल्या एकाच शिंप्याला विडा देऊन सांगतात की कार्तिकी एकादशीला नवा पाहिजे. दुसऱ्या कुणाचा हात लागत नाही. वडील त्याची वाट बघत गेले. तो मला मिळाला. मी जमिनीवर नव्हतो त्या दिवसांत. चांदव्याला पहिला टाका घालायच्या आधी वाटलं, बाईंच्या झोळीवर हात बसवून घेऊ. आणि नेफ्याला अशी बारीक टीप घातली की बघत राहावं. इंचाला अठरा टाके, तीन ओळी, एकीला एक लागून. शाळेच्या टीचरांना दाखवलं, कॉफीपुडीवाल्याला दाखवलं. बाईंनी काट्याला टांगली, हसल्या, आणि दसऱ्याला गेल्या.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी त्या परत आल्या. पिरियापट्टणहून तंबाखूच्या लॉरीत, गाठोड्यांच्या मधे उभं राहून, एका हातानं दांडा धरून. माकडहाडाला मार होता म्हणून बसता येत नव्हतं, आणि दुसरं मनगट मोडलेलं. दुपारच्या वेळी झोळीत पडल्या होत्या, डोक्याकडची बाजू गेली, पाठ खाली मुळावर.

मी भेटायला गेलो. त्या कुशीवर पडलेल्या. वासुदेवराव खुर्चीत, वहिनी कॉफी आणतायत. वासुदेवराव म्हणाले, "गाठ सुटली म्हणे. वीस वर्षं गाठी मारते, आणि सुटली."

"सुटली," बाई म्हणाल्या. "माझीच चूक. शब्द दिलाय, संपलं."

झोळी खिडकीत घडी करून ठेवली होती. मी सहज हात लावला. शिंप्याच्या हाताला डोळे असतात. नेफ्याचा दोर आणि गाठ जशीच्या तशी होती. कापड माझ्या टिपेच्या ओळीवरून फाटलेलं, पोस्टाचं तिकीट फाडावं तसं सरळ. अठरा टाके म्हणजे इंचाला अठरा भोकं, आणि तीन ओळी. पातळ कापडात मी सुईनं चाळण केली होती आणि त्याला कसब समजलो होतो. नवशिक्या पोरानं मोठे, बावळट टाके घातले असते तर टिकली असती.

"टेलर," बाई म्हणाल्या, "कॉफी गार होते."

मी कॉफी पिऊन घरी आलो. गप्प बसलो. मनाला म्हटलं, त्या स्वतःच गाठ म्हणतात, त्यांना कापडातलं काय कळतं, त्यांना खरंच तसं वाटत असेल. ज्याच्या शिवणीनं बाई पाडली त्याच्या हातचा चांदवा पंच देवावर ताणणार नाहीत, हे मला माहीत होतं. एक महिना होता. तो महिना मी कसा काढला ते लिहीत नाही. चांदवा शिवला. पातळ रेशीम, आणि मशीनचा काटा मी मोठ्या टाक्यावर फिरवला, हात आपोआप गेला.

कार्तिकीला चांदवा चढला. भजन चाललं होतं, लोक मान वर करकरून बघत होते, माझ्या पाठीवर थाप मारत होते. बाई वहिनीचा हात धरून आल्या, मनगट गळ्यात बांधलेलं. खांबाला टेकून वर बघितलं, बराच वेळ. मग माझ्याकडं वाकून हळू म्हणाल्या, "यावेळी टाके मोठे घातलेत, टेलर. बरं केलंत."

प्रसाद घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी द्वादशीचं पारणं न करता मी सरस्वतीपुरमला गेलो. वासुदेवराव पडवीत पेपर वाचत होते. मी पायरीवरूनच म्हटलं, "गाठ सुटली नव्हती. शिवण फाटली. माझी."

त्यांनी चष्मा काढला. "काय म्हणता?"

"झोळी आणा, दाखवतो."

"मग ती गाठ का म्हणाली?"

"ते त्यांना विचारा."

बाई दारात येऊन उभ्या होत्या. इतक्या रागावलेल्या मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं यायला? झाला ना तुमचा चांदवा? मग गप्प बसायचं!"

"खोटं किती दिवस..."

"खोटं माझं होतं. तुमचं काय जात होतं? तुमचे वडील वाट बघत गेले, तुम्हीच सांगत होता ना? दहा वेळा सांगितलंत."

"म्हणून तुम्ही डोंगर सोडायचा?"

त्या पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लंगडत गेल्या, परत आल्या. "मला वाटलं, सोडता येईल," म्हणाल्या. "एक महिना बघितला. नाही येत."

वासुदेवराव उठले. झोळी माळ्यावर टाकली होती. स्वतः शिडी लावून चढले, पंचाहत्तरीचा माणूस, वहिनी खालून "अहो, अहो" करतायत. झोळी खाली आणून उजेडात धरली, फाटलेल्या ओळीवर बोट फिरवलं. मग कोर्टातल्यासारखे म्हणाले, "अट तिच्या चुकीची होती. चूक तिची नाही. तेव्हा शब्द मोडलेला नाही." आणि माझ्याकडं वळून, "तुम्ही मात्र महिनाभर गप्प बसलात."

"बसलो," मी म्हटलं.

वहिनी म्हणाल्या, "साकु, सगळ्यांनी खाऊन घ्या."

पंचांना मी स्वतः सांगितलं. चांदवा उतरवला नाही, देवावर एकदा चढलेलं उतरवत नाहीत. पण देवळाचं शिवणकाम त्यानंतर माझ्याकडं आलं नाही. मी मागायलाही गेलो नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी नवी झोळी शिवली. इंचाला आठ टाके, पोत्याला घालतात तसले, एकच ओळ आणि तिच्याखाली जाडसर पट्टी. बघवत नव्हती. दुकानाच्या दोन खांबांना बांधून भर दुपारी, रस्ता बघत असताना, मी तिच्यात झोपलो, तिरका. चक्क झोप लागली. बाई येऊन उभ्या राहिल्या तेव्हा जाग आली. मी उतरलो आणि शेवटचं एकदा म्हणून बघितलं, "टीचर, आता तरी तंबू न्या. जमिनीवरून कुणी पडत नाही."

"जमिनीवर पडायला पुढं भरपूर वेळ आहे," म्हणाल्या आणि झोळी काट्याला टांगली. अर्ध्या किलोला थोडी जास्त भरली. माझ्या तोंडाकडं बघितलं आणि घडी घातली.

त्या सुट्टीत गेल्या त्या तिकडच्याच झाल्या. कोडगूत एका मळ्यावरच्या शाळेत मास्तरीण पाहिजे होती, उतरत्या वयात तिथंच राहिल्या. वर्षाला एक कार्ड यायचं, चार ओळींचं, गुडघ्याबद्दल एक शब्द नाही. मग एक दिवस वासुदेवराव काठी टेकत दुकानात आले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "अंबू गेली." दोन दिवसांचा ताप. एवढंच.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्या कोडगूला जायच्या सकाळी. मी कापड घेऊन येत होतो, चामराजपुरमचं रेल्वे गेट पडलेलं. अलीकडं स्टँडकडं जाणारी सिटी बस थांबलेली, सायकली, बैलगाडी, सगळं तुंबलेलं. बसच्या खिडकीत त्या दिसल्या. मी हात करणार तेवढ्यात त्या खिडकीतून नाहीशा झाल्या आणि दारात आल्या. कंडक्टर काहीतरी म्हणाला, त्या उतरल्या. पाठीवर पिशवी, लहानशी, शाळेच्या मुलीची असावी तशी. लंगडत गेटापाशी गेल्या, दांडा धरून वाकल्या आणि खालून पलीकडं. गेटमन ओरडला, "अम्मा! एन री, गाडी बरतैते!" गाडी येतेय म्हणाला. त्यांनी मागं न बघता नुसता हात वर केला. रूळ ओलांडले तशी मालगाडी आली. लांबलचक, एकामागून एक डबे, संपेचना. डब्यांच्या फटींतून पलीकडचा रस्ता तुकड्यातुकड्यानं दिसत होता, आणि एका तुकड्यात त्या, मग पुढच्या तुकड्यात जरा लांब, मग आणखी लांब. शेवटचा डबा गेला. गेट वर उचललं. सगळे एकदम हॉर्न वाजवायला लागले, आणि मी टाचा उंच करून बघितलं, तर पुढचा रस्ता मोकळा होता.